ऑप्सोनिन

'ऑप्सोनिन' हा शब्द १९०३ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात आल्मरोथ राइट आणि स्ट्युअर्ट डग्लस यांनी घडवला. ग्रीक 'ऑप्सॉन' म्हणजे भाकरीबरोबरचे तोंडीलावणे. वैद्यकातल्या रूक्ष नावांत इतके चविष्ट नाव विरळच. न्यूमोकॉकससारख्या जंतूचे आवरण निसरडे असते. भक्षकपेशीला त्यावर पकड मिळत नाही. रक्तरसातील ऑप्सोनिने, म्हणजे प्रतिपिंडे आणि 'सी३बी' हे पूरक प्रथिन, त्यावर चिकटली, की पेशीवरील ग्राही त्यांना धरतात आणि पेशी जंतू गिळते. राइट यांचे ऑप्सोनिन तापवल्यावर निकामी होई. म्हणजे त्यात पूरक प्रथिनांचाच वाटा मोठा असावा.

नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात जंतू गिळण्याच्या या साखळीचा शेवटचा दुवा तुटतो. रक्तातले असे ऑप्सोनिन चिकटलेले जंतू गाळून घेणारी प्लीहा बालपणीच निकामी होत जाते. म्हणून या मुलांना न्यूमोकॉकसची लस आणि लहानपणी पेनिसिलिन देतात. लशीमुळे प्रतिपिंडे वाढतात, आणि प्लीहेचे काम काही अंशी यकृतातल्या भक्षकपेशी उचलतात.