नोंदपुस्तक आणि बुलेट

जुनी बुलेट वा येझदी विकत घ्यावी, टाकी, हँडल, सीट बदलून तिला नवे रूप द्यावे आणि पुन्हा विकावी, या छंदाचे मूळ अमेरिकी चॉपरमध्ये शोधण्याची प्रथा आहे. आम्हांला ते पटत नाही. बुलेट १९५५ मध्ये मद्रासला बनू लागली, ती लष्कराच्या मागणीमुळे. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या १९६१ पासून निघाल्या. १९७३ नंतर त्या येझदी झाल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मग सुटे भाग कोठून मिळणार? मिस्त्रीने दुसऱ्याच गाडीचा भाग घासून बसवला. कोराडीसारख्या, १९७४ पासून वीज पुरवणाऱ्या औष्णिक केंद्राच्या गावी वेल्डिंग आणि लेथ ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. गरजेतूनच हौस उपजली.

कायद्याची दृष्टी निराळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी सांगितले, की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही. रंग वा किरकोळ जोडकाम चालेल. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा वाद ओळखीचा वाटेल. नोंदपुस्तक ही प्रमाण संहिता, आणि मिस्त्री म्हणजे नक्कल करता करता पदरच्या दोन ओव्या घालणारा लेखनिक! फरक इतकाच, की प्रक्षेपाबद्दल लेखनिकाला कोणी दंड केला नाही. येथे २०१९ च्या दुरुस्तीनुसार बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि विकत घेणाऱ्याच्या हाती येते ती नोंदपुस्तकाशी न जुळणारी गाडी.