तीन महिन्यांच्या साखरेचं आजोळ

लातूर-नांदेडात शुगर तपासायला गेलं की रिपोर्टवर ‘एचबीएवनसी’ असतंच. लोकांच्या तोंडी ती ‘तीन महिन्यांची साखर’. रक्तातली साखर तांबड्या पेशीत शिरते, हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जगते तोवर, सुमारे 120 दिवस, चिकटूनच राहते. मधुमेहींच्या रक्तातलं हे निराळं हिमोग्लोबिन सॅम्युएल राहबर यांना 1968 साली तेहरानमध्ये दिसलं. या तपासणीची कुळकथा बहुधा तिथून सांगतात. मी ती मेंढीपासून सांगेन, कारण साखर पेशीच्या आत जाते कशी, याचा उलगडा तिच्यापाशी सुरू झाला.

लंडनचे शरीरशास्त्रज्ञ डब्ल्यू. एफ. विडास गाभण मेंढीच्या जारेतून पोटातल्या कोकराकडे साखर कशी जाते याचा हिशेब मांडत होते. साखर नुसती पाझरते असं धरलं तर आकडे जुळेनात. तिला पलीकडे पोचवणारा ‘वाहक’ पडद्यातच असला पाहिजे, असं त्यांनी 1952 साली मांडलं. पोटातल्या कोकराच्या तांबड्या पेशींतही ही सोय असते. जन्मानंतर पेशी बदलत जातात आणि मोठ्या मेंढीत ती जवळजवळ मिटते. साखर आतच जात नाही, तर हिमोग्लोबिनला चिकटणार कुठून? म्हणून माणसाचे आकडे मेंढीला लावता येत नाहीत.

तिच्या रक्तात साखरही मुळात कमीच, 100 मिलिलिटरला साधारण 50 ते 80 मिलिग्रॅम. ज्वारीचा कडबा असो की माळावरचं गवत, पोटातले जंतू ते आंबवतात. त्यातून निघालेल्या प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत साखर घडवतं. वाघरीत आईला लुचणाऱ्या कोकराचं तसं नाही. त्याची साखर थेट दुधातून येते आणि आईपेक्षा जास्त भरते.

आपल्या भागात खरी काळजी गाभण मेंढीची. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. पण जुळं असलं, किंवा चारा आटला, की शेवटच्या दीड महिन्यात तिची साखर घसरते, अंगातली चरबी जळू लागते आणि रक्तात कीटोन साचतात. ती चारा सोडते, कळपामागे रेंगाळते, डोळ्यांनी दिसेनासं होऊन धडकते. अशा वेळी तीन महिन्यांचा हिशेब कामाचा नाही. त्याच दिवशीची साखर आणि कीटोन तपासून लगेच उपचार लागतात. चारा सोडल्याचं धनगराच्या नजरेला पहिल्याच दिवशी कळतं. डॉक्टरला तेव्हाच बोलवावं. मेंढी आडवी पडल्यावर ती वाचणं फार अवघड.