विंचवाचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण म्हणतो ते बहुधा हेटाळणीने, नाही तर कींव येऊन. ज्याला घर नाही, दार नाही, जो आज येथे तर उद्या तेथे, त्याच्याविषयी बोलताना ही म्हण ओठावर येते. पण जगात असाही एक देश आहे, की जेथे खाऊनपिऊन सुखी असलेली माणसे आपली पक्की घरे कुलूपबंद करून दर उन्हाळ्यात मोठ्या हौसेने विंचू होतात! चाकांवर घर उभारतात, त्यात शेगडी मांडतात, अंथरुणे घालतात, मुलेबाळे आणि कुत्रीसुद्धा आत भरतात आणि आठवडेच्या आठवडे रानावनांतून, डोंगरदऱ्यांतून हिंडत राहतात. अमेरिकेतल्या या फिरत्या बिऱ्हाडाला तिकडे ‘आर. व्ही.’ असे आटोपशीर नाव आहे. २०२१ या एका वर्षात अशी सुमारे सहा लाख बिऱ्हाडे कारखान्यांतून बाहेर पडली.

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या तारखा असतात, तहांची कलमे असतात. सामानाच्या याद्या मात्र क्वचित असतात. वर्गात इतिहास शिकवताना मला ही उणीव नेहमी जाणवते. माणूस घरातून निघताना काय उचलतो आणि काय मागे ठेवतो, यावरून तो कोण आहे आणि कशासाठी निघाला आहे, ते जितके कळते तितके त्याच्या भाषणांवरून कळत नाही. सहलीला निघालेल्याची वळकटी निराळी आणि परागंदा होणाऱ्याचे गाठोडे निराळे. या फिरत्या घरांचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा मला ही दोन्ही ओझी एकाच रस्त्यावर, कधी कधी अगदी शेजारी शेजारी दिसली.

या छंदाचा मूळ पुरुष मात्र अमेरिकन नव्हे. तो एक स्कॉटिश डॉक्टर. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे त्याचे नाव. इंग्लंडच्या आरमारात त्याने शल्यवैद्य म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर मुलांसाठी साहसाच्या कथा लिहिण्याचा सपाटा लावला. त्या काळी इंग्लंडात गाडीत संसार करीत ते जिप्सी नाही तर सर्कशीचे लोक. सभ्य गृहस्थाने त्यांच्याकडे पाहून नाक मुरडावे आणि कोंबड्या खुराड्यात कोंडून घ्याव्या, अशी रीत. डॉक्टरसाहेबांनी १८८५ साली ब्रिस्टॉलच्या कारखान्यात नेमके तसलेच एक घर बांधवून घेतले, फक्त महोगनी लाकडाचे! नाव ठेवले ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. पण गडी पडला दर्यावर्दी. गाडीला तो जमिनीवरचे गलबतच म्हणे.

हे गलबत ओढायला दोन घोडे. हाकायला गाडीवान. एक नोकर तीनचाकी सायकलवर बसून पुढे जायचा, समोरून येणाऱ्यांना सावध करायचा. कारण खेड्यांतल्या वाटा अरुंद आणि गाडीचा भार भरल्यावर दोन टनांच्या घरात. आत दिवसा बसायचा आणि रात्री निजायचा कोच, पुस्तकांची फळी, एक फिडल आणि एक लहानशी हार्मोनियम. सोबतीला ‘हरिकेन बॉब’ नावाचा दांडगा न्यूफाउंडलंड कुत्रा आणि एक काकाकुवा. एवढा परिवार घेऊन डॉक्टर ट्वायफर्डहून निघाले आणि सुमारे १३०० मैलांची मजल मारून स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हर्नेसपर्यंत गेले. दुसऱ्या वर्षी त्यांनी प्रवासाचे पुस्तक काढले. १९०७ साली इंग्लंडात या छंदाच्या शौकिनांचा क्लब निघाला, तेव्हा त्याच्या उपाध्यक्षांत हे स्टेबल्स होते. जिप्सींची गाडी मात्र तेव्हाही गावाबाहेरच थांबत होती. गाडी तीच, बिऱ्हाड तेच. फरक काय तो पेटीचा आणि महोगनीचा.

अटलांटिकच्या पलीकडे ही हौस पोहोचली ती घोड्यांशिवाय. १९१० साली न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने एक मोटार मांडली. तिची मागची बैठक उलगडली की बिछाना होई, आणि हात धुण्याचे भांडे चालकाच्या पाठीमागे दुमडून बसविलेले होते. धनिकांनी कौतुक केले. पण राष्ट्राला रानात राहण्याचे वेड लावले ते चार म्हाताऱ्यांनी, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. म्हातारे तरी कसले! मोटारीचा हेन्री फोर्ड, दिव्याचा एडिसन, टायरचा फायरस्टोन आणि चौथा निसर्गावर लिहिणारा जॉन बरोज. फोर्ड आणि फायरस्टोन खरे म्हणजे पन्नाशीच्या आसपासचे. पण बरोजबुवांनी १९१८ साली ऐंशी ओलांडली होती आणि पांढरीशुभ्र दाढी छातीवर रुळत होती. मोटार म्हणजे निसर्गाचा वैरी, असे आधी हेच बुवा म्हणत. फोर्डने त्यांना एक मोटार भेट दिली, आणि बुवा निवळले.

१९१४ पासून १९२४ पर्यंत ही मंडळी जवळजवळ दर वर्षी रानात मुक्काम टाकीत आणि स्वतःला ‘भटके’ म्हणवीत. या भटक्यांची तयारी ऐका. एका मोटारीचे फोर्डने फिरते स्वयंपाकघर केले होते; तीत गॅसोलीनचा स्टोव्ह, बर्फाची पेटी आणि वर आचारी. दुसऱ्या अवजड गाडीत तंबू, खाटा, खुर्च्या आणि विजेचे दिवे ठेवायला वेगवेगळे कप्पे. जेवायला भलेमोठे वाटोळे टेबल. त्याच्या मधला भाग गरगर फिरे, म्हणजे पदार्थ हवा त्याच्यासमोर आपोआप यावा. आपल्या पंगतीत ‘इकडे जरा मीठ’ म्हणून ओरडावे लागते, त्यावर हा तोडगा मला फार आवडला. एडिसन पुढच्या गाडीत बसून वाट ठरवी आणि मुद्दाम आडरस्ते धरी. फोर्ड लाकडे फोडण्याच्या शर्यती लावी. बरोज झाडापानांची ओळख करून देई. १९२१ साली तर खुद्द अध्यक्ष हार्डिंग मेरीलंडच्या रानातल्या त्यांच्या तळावर मुक्कामाला आले.

मागोमाग बातमीदार आणि चलच्चित्रे घेणारे असतच. एकाची मोटार, दुसऱ्याचे टायर, तिसऱ्याची बॅटरी; यापेक्षा स्वस्त जाहिरात ती कोणती? तरी त्या हौसेत खोटेपणा होता असे मला वाटत नाही. गर्दी फार होऊ लागली तेव्हा त्यांनी या सहली बंदच केल्या.

सामान्य माणसाला हे सारे परवडण्यासारखे नव्हते. पण फोर्डची ‘मॉडेल टी’ हळूहळू परवडू लागली. १९०८ साली आठशे डॉलरांच्या वर असलेली तिची किंमत १९२५ च्या सुमारास तीनशेच्या आत आली. तिची टाकी बैठकीखाली असे आणि पेट्रोल केवळ उतारानेच इंजिनाकडे वाहत जाई. टाकीत पेट्रोल कमी आणि समोर चढ उभा, असे झाले की इंजिन उपाशी राही. मग काय, मंडळी गाडी उलटी फिरवून मागच्या गतीने घाट चढत! अशा गाडीतून जायचे म्हणजे तयारी कडेकोट हवी. ट्यूबला लावायची ठिगळे, पंप, जॅक, फावडे, दोर. पायफळीवर बांधलेला तंबू. वाळवंटातून जायचे असेल तर गाडीच्या तोंडाशी टांगलेली पाण्याची पिशवी, म्हणजे आपली छागलच. कापडातून पाणी पाझरते, वाऱ्याने वाळते आणि आतले गार राहते. हे शास्त्र इकडच्या प्रवाशाला नव्याने सांगायला नको. आणि खाण्यासाठी डबाबंद शेंगा, मांस, फळे.

या डब्यांवरूनच एका पंथाचे नाव पडले. उत्तरेची थंडी चुकवून फ्लॉरिडात उतरणाऱ्या मोटारवाल्यांनी १९१९ साली टँपा येथील उद्यानात संघ स्थापला, त्याचे नाव ‘टिन कॅन टूरिस्ट्स’. गाडीच्या तोंडावर, रेडिएटरच्या झाकणाला, डाग देऊन बसविलेला रिकामा डबा हीच त्यांची खूण. फ्लॉरिडाचे दुकानदार त्यांच्यावर खूश नव्हते. हे लोक एक सदरा आणि वीस डॉलरची एक नोट घेऊन येतात आणि दोन्हीही शेवटपर्यंत बदलत नाहीत, असा विनोद तेथे रूढ होता.

तंबू जाऊन टणक भिंती आल्या त्या एका पावसामुळे. डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनी १९२९ साली मुलाबाळांसह सहलीला जाताना नवा तंबूगाडा विकत घेतला. तो काही मिनिटांत उभा राहतो, असे विकणाऱ्याचे म्हणणे. वाटेत पावसाने गाठले, गाडा काही केल्या उभा राहीना आणि सारे कुटुंब ओलेचिंब झाले. घरी परतल्यावर शर्मनसाहेबांनी स्वतःच नऊ फूट लांब, सहा फूट रुंद अशी टणक भिंतींची पेटी बनवून घेतली. मुलांनी तिचे नाव ठेवले ‘कव्हर्ड वॅगन’. पश्चिमेकडे वस्ती करायला गेलेल्या पूर्वजांच्या छपरी गाड्यांचे नाव. १९३० च्या जानेवारीत प्रदर्शनात मांडल्यावर शंभरावर गाड्या खपल्या, आणि १९३६ पर्यंत शर्मन या धंद्यातले सर्वांत मोठे कारखानदार झाले.

पण तारीख पाहा. ही तिशीतली वर्षे म्हणजे मंदीची. ओक्लाहोमा, टेक्सस, कॅन्सस या भागांत पावसाने पाठ फिरवली, नांगरून उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर आभाळात गेली, आणि लाखो शेतकरी देशोधडीला लागले. पुष्कळांनी ‘सहासष्ट नंबरचा’ रस्ता धरून कॅलिफोर्निया गाठले. त्यांच्या गाडीवरही गाद्याच होत्या, तवेच होते, पाण्याची पिशवी तीच होती. रस्त्याकडेला उभे राहून पाहणाऱ्याला पुढून येणारी गाडी सहलीची की दुष्काळाची, हे सामानाच्या उंचीवरून कळे. सहलीवाला खाट नेतो, घड्या घालून; आजीची खुर्ची आणि शिवणाचे यंत्र नेतो तो परत येणार नसतो. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले शिपाई थेट राज्याच्या सीमेवर पाठविले. ज्यांच्याजवळ पैसा दिसेना त्यांना ते माघारी लावू लागले. सहलीच्या गाड्यांना अर्थातच मुभा होती. गरिबाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरविणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली रद्द केला.

आणखी एक यादी आहे, ती वाचताना जीव कासावीस होतो. कृष्णवर्णी कुटुंबाकडे मोटार असे, पैसा असे, सुटीही असे. पण वाटेतल्या पुष्कळ खाणावळी, विश्रांतिगृहे, कुठे कुठे पेट्रोलचे पंपही त्यांना बंद. म्हणून घरातून निघतानाच शिधा पुरेपूर, पाणी पुरेपूर, रात्र गाडीत काढावी लागली तर पांघरुणे, पेट्रोलचा जादा डबा, आणि शौचकूप वापरू देणार नाहीत म्हणून मुलांसाठी एक रिकामा डबा. काही जण चालकाची टोपी जवळ बाळगीत. पोलिसाने हटकलेच तर ‘गाडी मालकाची आहे’ म्हणायला सोपे जावे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीत बसून! १९३६ साली हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाल्याने एक पुस्तिका काढली. कोणत्या गावी कोणत्या घरात आपल्या माणसाला रात्रीचा आसरा आणि जेवण मिळेल, याची ती यादी. ती ‘ग्रीन बुक’ तीस वर्षे निघत राहिली. सरकारी राष्ट्रीय उद्यानांतही निराळे नव्हते. व्हर्जिनियातील शेनंडोआ उद्यानात १९३९ साली लुइस माउंटन नावाचा तळ कृष्णवर्णीयांसाठी वेगळा काढण्यात आला. ही वेगळी चूल १९५० पर्यंत मोडली. सार्वजनिक जागांतली मनाई कायद्याने उठली ती १९६४ साली. आपल्याकडच्या पाणवठ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातले काहीच परके वाटणार नाही.

युद्धानंतर मात्र भरभराट झाली. वॉली बायम याच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या ‘एअरस्ट्रीम’ गाड्यांचे तांडे निघू लागले. १९५९ साली असा एक तांडा केपटाउनहून कैरोकडे निघाला. याच काळात गाडी भरण्याचे शास्त्र घरोघर पोहोचले. जड वस्तू खाली आणि आसाजवळ ठेवा; मागे ओझे झाले तर गाडी वाटेत शेपटासारखी हेलकावे खाईल. आमचा बैलगाडीवाला यालाच गाडी उलाळ झाली म्हणतो, आणि एका पोत्याने ती नीट करतो.

दुष्काळी शेतकऱ्यांची कहाणी १९३९ साली कादंबरीत सांगणारा जॉन स्टाइनबेक १९६० च्या सप्टेंबरात स्वतःच असल्या गाडीतून देश पाहायला निघाला. ट्रकवर बसविलेल्या त्या खोलीचे नाव ‘रोसिनांते’, डॉन किहोतेच्या घोड्याचे. सोबत चार्ली नावाचा पूडल कुत्रा. वाचायची राहून गेलेली पुस्तके, टाइपरायटर, कोश, बंदुका, गळ. सारे गरजेपेक्षा किती तरी जास्त. एक युक्ती मात्र बहारीची: झाकणाच्या बादलीत पाणी, साबण आणि कपडे घालून ती लवचीक दोरीने टांगायची, दिवसभरच्या धक्क्यांनी कपडे आपोआप धुऊन निघत. पुढच्या संशोधकांनी दाखवून दिले की गाडीपेक्षा हॉटेलांतच त्याच्या पुष्कळ रात्री गेल्या. गेल्या असतील. साठीला टेकलेल्या माणसाची पाठ आहे ती. गाडी सॅलिनास या त्याच्या जन्मगावी संग्रहालयात ठेवलेली आहे.

२००८ च्या आर्थिक कोसळीनंतर या गाड्यांत आणखी एक वस्ती दिसू लागली. घर गेलेली, निवृत्तिवेतन न पुरणारी साठी-सत्तरीची माणसे जुन्या व्हॅनमध्ये राहू लागली. २०१७ साली जेसिका ब्रूडर हिने त्यांच्यावर पुस्तक लिहिले, आणि त्यावरच्या ‘नोमॅडलँड’ या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. यांपैकी काही जण उन्हाळ्यात रानातल्या तळांवर राखणदाराचे काम धरतात. सहलीच्या गाड्या येतात, मुले उतरून नदीकडे धावतात, शेगड्या पेटतात. म्हातारी राखणदारीण वहीत नावे टिपते, राखेच्या चुली साफ करते, शौचकुपे धुते आणि रात्री पलीकडच्या झाडाखाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीत निजायला जाते. सुटी संपली की तळ ओस पडतो. मग ती बीट काढणीचे नाही तर गोदामातले काम पाहत पुढच्या गावाला निघते. तिच्या गाडीत थंडीची पांघरुणेही असतात.