आधी दोरा, मग काठी

गेल्या आठवड्यात पुण्याहून नातवाचा फोन आला (नातू म्हणजे माझ्या पुतण्याचा मुलगा). चिरंजीवांना गरवण्याचा नाद लागला आहे. म्हणाला, "आजोबा, जूनमध्ये गावी येतोय, चढणीचे मासे बघायला. अल्ट्रालाइट सेट घ्यायचाय. रॉड कार्बनचा घेऊ की फायबरचा? रील एक हजार की दोन हजार? आणि लाइन कुठली?"

उत्तर फोनवर देता आले नाही. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, मला विषय आला की त्याचा इतिहास आठवतो. म्हणून इथे लिहितो आहे. त्याने वाचावे, इतरांनीही वाचावे.

पहिली गोष्ट, त्याने प्रश्न ज्या क्रमाने विचारले तो क्रमच उलटा आहे. आमचे काका व्हाळावर नेताना म्हणायचे, "आदी दोरो बघ, मगे काठी." आमची काठी चिवारीची, बेड्यामागून तोडलेली. दोरा शिवणाचा, ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवलेला. गळ बाजारातला, तरंगायला कोंबडीच्या पिसाचा देठ. जाड दोरा लावला तर निवळ पाण्यात मळये जवळ फिरकत नसत. बारीक लावला तर एखादे मोठे खवल गळासकट निघून जाई. जगातल्या सगळ्या हलक्या गरीचे मूळ दुखणे हेच आहे, आणि ते फार जुने आहे.

किती जुने? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ शके १०५१ मध्ये, म्हणजे इ. स. ११२९ मध्ये रचला. हे कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मराठीचे विद्यार्थी हा ग्रंथ ओळखतात तो त्यातल्या संगीताच्या भागात आलेल्या जुन्या मराठी ओळींमुळे. आम्हांलाही बी. ए. ला तेवढाच शिकवला. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरण आहे हे मला निवृत्तीनंतर कळले. त्यात समुद्रातले मासे, नदीतले मासे, खवल्यांचे, बिनखवल्यांचे, कोणाला काय खायला घालावे, आणि मग गळ, दोरी, काठी, आमिष असे सगळे क्रमाने येते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गो. क. श्रीगोंदेकरांनी तो ग्रंथ संपादून काढला, पहिला भाग १९२५ मध्ये आला. पुढे सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणावर लेख लिहिला. राजाने हत्ती-घोड्यांच्या बरोबरीने गळाच्या दोरीचाही विचार करावा, याची मला मोठी गंमत वाटते. आमच्याकडे गरवणे म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा!

इंग्लंडात दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची. आयझॅक वॉल्टनचे मासेमारीवरचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ चे. त्याच्या १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटन या त्याच्या मित्राने भर घातली. कॉटनचे म्हणणे असे, की गळाजवळ फक्त दोन केस असावेत, आणि तेवढ्यावर ज्याला वीस इंची ट्राउट काढता येत नाही त्याने स्वतःला गळवाला म्हणवू नये. अल्ट्रालाइट म्हणतात ते याहून वेगळे काय?

केसानंतर आला रेशमी तंतू. कोष विणण्याच्या बेतात असलेला रेशमाचा किडा व्हिनेगरमध्ये मारायचा, त्याच्या पोटातल्या रेशमाच्या ग्रंथी काढून ताणायच्या, की हातभर लांबीची पारदर्शक तार मिळते. स्पेनमध्ये मुर्सिया भागात हा मोठा धंदा होता. जपानीत या तंतूला 'तेगुसु' म्हणतात. आपल्या मासेबाजारातला 'तंगूस' शब्द कानात घोळवून पाहा.

काठीची गोष्ट आपल्या जवळची आहे. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या पट्ट्या तासून, सहा-सहा एकत्र चिकटवून केलेल्या काठ्या युरोप-अमेरिकेत नावाजल्या. त्यांचा सुरुवातीचा बांबू आपल्या देशातला, कलकत्ता बंदरातून गेलेला, म्हणून त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. पुढे चीनच्या 'टोंकिन' बांबूने त्याला मागे सारले. आपल्या सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव आणि बिनकाट्यांचा. त्याची एखादी काठी त्या कारागिरांच्या हाती पडली असती तर... असो.

आता रील. हा शब्द आपल्या घरात शिवणाच्या दोऱ्यापुरता होता. चीनमध्ये ११९५ च्या सुमाराचे एक चित्र आहे, मा युआन या चित्रकाराचे. एकटा माणूस होडीत बसून गळ टाकतो आहे आणि त्याच्या काठीला चक्क रील आहे. म्हणजे सोमेश्वरानंतर जेमतेम साठ-पासष्ट वर्षांनी. पण त्यानंतर शेकडो वर्षे रील म्हणजे फिरणारे चाकच राहिले. आमिष फेकले की त्याच्या वजनाने चाक फिरायला हवे. मोठे वजन असेल तर फिरते. दोन ग्रॅमचे आमिष कुठले चाक फिरवणार? आणि फिरलेच तर आमिष पाण्यात पडल्यावरही चाक थांबत नाही, दोऱ्याचा गुंता होतो. पतंगाच्या फिरकीशी झटापट केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

हा पेच सोडवला ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या धंद्यातल्या माणसाने. आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ त्याचे नाव, पेटंट १९०५ चे. गिरणीत बॉबिन स्थिर असते आणि धागा तिच्या टोकावरून सुटत जातो. रीळ टेबलावर उभे ठेवून दोरा वर ओढून पाहा, रीळ हलत नाही पण दोरा वेटोळी सोडत येतो. त्याने तेच गळाला लावले. चाक फिरवायचेच नाही! गुंडाळताना तेवढी एक दांडी गोल फिरते. यामुळे वाटाण्याएवढे आमिषही दूर जाऊ लागले. माझ्या मते अल्ट्रालाइटचा खरा जन्म तिथे झाला, कार्बन वगैरे नंतरचे.

पण अशा रिळाला दोराही बारीक आणि लवचीक हवा. रेशमी तंतूचे हातभर तुकडे गाठी मारून जोडावे लागत, वापरण्याआधी भिजवावे लागत. तो प्रश्न नायलॉनने मिटवला. वॉलेस कॅरदर्सने अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत १९३५ मध्ये तो बनवला, १९३८ मध्ये जाहीर झाला, आणि लगेच गळाचा दोराही निघाला. आमच्या गावात तंगूस आला तेव्हा मी शाळकरी होतो. काकांनी तो उन्हाकडे धरला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. नंतर ऐनाची साल कोणी उकळली नाही.

काठ्या दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या आल्या, १९७३ च्या सुमारास कार्बनच्या. १९९० नंतर पॉलिथिलीनचा विणलेला दोरा आला, त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी मजबूत.

आता नातवाचे उत्तर. आपल्या व्हाळातल्या मळये-खवलांना चार पौंडी साधा नायलॉन पुरे. विणलेला दोरा ताणत नाही, झटका सरळ माशाच्या तोंडाला बसतो, आणि आपल्या जांभ्या कातळावर घासला की तुटतो. घ्यायचाच तर पुढे वावभर नायलॉन जोड. दोरा ठरला की रील आपोआप ठरते: एक हजार. काठी साडेपाच-सहा फुटी, एक ते पाच ग्रॅम आमिष फेकणारी. कार्बनची घेतलीस तर दगडावर आपटू नकोस. फायबरची थोडी जड, पण नवशिक्याला सोसते. रिळाचा ड्रॅग (ओढ वाढली की दोरा सोडणारा खटका) दोऱ्याच्या ताकदीच्या पावपट ठेव. चार पौंड म्हणजे सुमारे १.८ किलो, त्याचा पाव अर्ध्या किलोच्या आत. शाळेतल्या ताणकाट्यावर मोजता येईल. मरळ असेल त्या गवताळ तळीत हे सामान नेऊ नकोस. हलक्या दोऱ्यावर मोठा मासा अर्धा तास दमवायचा आणि मग फोटो काढून सोडून द्यायचा, ही दया नव्हे. दमलेला मासा पुष्कळदा नंतर मरतो.

आणि जूनचे काय? चढणीला येतात ते मासे गाभोळीने भरलेले असतात. आमच्या लहानपणी आम्हीही मळ्यांत शिरून ते धरले आहेत, मी साळसूदपणा करत नाही. पण तेव्हा व्हाळात मासे होते. आमच्या घरामागच्या कोंडीत पुढे कोणीतरी ब्लीचिंग पावडर टाकली. सकाळी बायका भांडी घासायला गेल्या तर बोटाएवढ्या पिल्लांपासून हातभर वामीपर्यंत सगळे पांढरे पोट वर करून तरंगत होते. त्यानंतर कित्येक वर्षे तिथे गरी टाकायला कोणी गेले नाही. मासे मारायला विष आणि सुरुंग वापरण्याला कायद्याने बंदी आहे, तीही १८९७ पासून! त्याच्याही आधी, १८७० मध्ये, मंगळूरकडच्या हेन्री सलिव्हन थॉमस या अधिकाऱ्याने दक्षिण कॅनरातल्या माशांवर अहवाल लिहिला होता. हाच थॉमस पुढे 'द रॉड इन इंडिया' (१८७३) या पुस्तकामुळे गळवाल्यांत प्रसिद्ध झाला. गळ टाकणाऱ्यालाच माशांची काळजी आधी वाटली, हे मी नातवाला मुद्दाम सांगतो.

पावसाळ्यात समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. व्हाळाला कोण बंदी घालणार?

मी त्याला कळवले, सामान घे, पण चवथीला ये. तोवर अंडी घालून झालेली असतात, पाणी निवळते, आणि नायलॉन बारीक का हवा तेही तुझे तुला दिसेल. तो म्हणाला, "आजोबा, सुट्टी जूनचीच मिळालीय." बघू. चिवारीची एक काठी मी माळ्यावरून खाली काढून ठेवली आहे.