दुर्बिणीतल्या फुलीची कुळकथा

माणदेशातल्या आटपाडीच्या माळावर कालव्याचं पाणी यायच्या आधी मोजणीची दुर्बीण येऊन गेली. कृष्णेचं पाणी कराड तालुक्यातल्या टेंभूपाशी उचलायचं, टप्प्याटप्प्याने चढवायचं आणि माणदेशाला द्यायचं, ही टेंभू उपसा सिंचन योजना. 1993 साली आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी परिषद भरली आणि दुष्काळी तालुक्यांच्या मागणीला जोर आला. पंप पाणी वर चढवतात खरे, पण चढवलेलं पाणी पुढे कालव्यातून आपल्या आपण वाहावं लागतं. त्यासाठी किलोमीटरमागे वीत-दीड वीत उतार पुरतो. तो कमी पडला तर पाणी तुंबतं आणि गाळ साचतो, जास्त झाला तर काठ खरवडले जातात. नुसत्या नजरेला न कळणारा हा उतार लेव्हलच्या दुर्बिणीतून मोजला जातो.

या दुर्बिणीतून, म्हणजे डम्पी लेव्हलमधून, समोर उभ्या धरलेल्या मापाच्या पट्टीकडे, म्हणजे स्टाफकडे, पाहिलं की एक उभी रेघ आणि तीन आडव्या रेघा दिसतात. मधली आडवी रेघ उंची सांगते. वरची आणि खालची रेघ मिळून अंतर सांगतात. दोन्हींच्या वाचनातला फरक काढायचा आणि त्याला शंभराने गुणायचं. एका रेघेवर 1.850 आणि दुसरीवर 1.430 वाचलं, तर फरक 0.420 मीटर, म्हणून स्टाफ 42 मीटरवर उभा आहे. जमिनीवर साखळी न टाकता अंतर हाती येतं.

नेम धरण्यासाठी बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीत दिसणारी फुली याच घराण्यातली. अशी दुर्बीण घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानात विचारलं जातं, फर्स्ट फोकल प्लेन हवी की सेकंड? या प्रश्नाचं उत्तर फुलीच्या कुळातच सापडतं.

गॅलिलिओच्या दुर्बिणीत फुली बसवता येत नव्हती. तिच्यात डोळ्याकडचं भिंग अंतर्गोल असतं आणि प्रतिमा तयार होण्याआधीच ते किरणांना अडवतं. नळीच्या आत प्रतिमाच नाही, तर तिच्यावर रेघ कुठे ठेवणार? 1611 मध्ये केप्लरने दोन बहिर्गोल भिंगांची रचना मांडली. हिच्यात पुढच्या भिंगाची प्रतिमा नळीच्या आत, हवेतच तयार होते. ती उलटी असते, पण खरी असते. त्या जागी ठेवलेली कोणतीही बारीक वस्तू प्रतिमेइतकीच स्पष्ट दिसते.

ही जागा सर्वांत आधी ओळखली ती इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या विल्यम गॅस्कॉइन या तरुणाने. 1640 च्या आसपासची ही गोष्ट. त्याच्या दुर्बिणीत नेमक्या त्या ठिकाणी कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा आला आणि दूरच्या दृश्याबरोबर तोही लख्ख दिसला. गॅस्कॉइनने त्यावरून मापनाचं साधन बनवलं आणि आकाशातल्या ग्रहगोलांचे कोन मोजायला घेतले. 1644 मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. पुढे 1660 च्या दशकात फ्रान्समध्ये ओझू आणि पिकार या खगोलशास्त्रज्ञांनी तशीच साधनं वापरात आणली, तेव्हा रिचर्ड टाउनलीने गॅस्कॉइनचं काम इंग्रज विद्वानांपुढे ठेवलं. फुलीचा जन्म असा मोजण्यासाठी झाला. नेमबाजी तिच्या वाट्याला फार नंतर आली.

अंतर मोजणाऱ्या रेघा इटलीत मोन्तानारीने 1674 मध्ये वर्णिल्या. अठराव्या शतकात जेम्स वॅटने स्कॉटलंडच्या कालव्यांच्या पाहणीत तीच युक्ती वापरली. तिथेही काम पाण्याचंच होतं. भारतातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणालाही दुर्बिणीतली फुली लागली. 1802 मध्ये मद्रासला मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचं यंत्र, घेऊन दक्षिणेकडून वर सरकत राहिला. 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला, आणि तिथेच त्याची कबर आहे. मोजणीच्या यंत्रांत त्या काळी कोळ्याचाच धागा ताणत. तो केसाहूनही बारीक आणि तरीही चिवट असे. काचेवर कोरलेल्या रेघा पुढे आल्या.

बंदुकीवर दुर्बीण बसवण्याच्या आरंभीच्या खटपटीत मुंबई लष्करातला डेव्हिडसन हा अधिकारी होता. 1862 मध्ये त्याने ब्रिटनमध्ये आपल्या रचनेचं पेटंट घेतलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांकडच्या काही व्हिटवर्थ रायफलींवर त्याच्या दुर्बिणी होत्या.

बंदुकीवर मात्र एक अडचण होती. जुन्या डम्पीत स्टाफ उलटा दिसतो आणि मोजणीदाराची नजर त्याला सरावते. नेमबाजाला उलटं जग परवडत नाही. डावीकडे पळणारं सावज उजवीकडे पळताना दिसलं तर बंदूक फिरवायची कुठे? म्हणून नळीत मध्ये आणखी भिंगं घातली. त्यांनी उलटी प्रतिमा सुलट केली आणि ती डोळ्याकडच्या भिंगाच्या अलीकडे पुन्हा उभी केली. एका नळीत आता प्रतिमेच्या दोन जागा झाल्या. पुढची ती फर्स्ट फोकल प्लेन, मागची ती सेकंड.

दुर्बिणीची पट, म्हणजे दृश्य किती पटींनी मोठं दिसतं ते, कायम होती तोवर फुली कुठेही चालत होती. 1920 च्या दशकात जर्मनीत त्साइसने पट बदलणाऱ्या बंदुकीच्या दुर्बिणी आणल्या. पट बदलते ती मधली भिंगं पुढेमागे सरकवून, आणि इथेच दोन जागांची वाट वेगळी झाली. पुढच्या जागेवरची फुली त्या भिंगांच्या आधी असते, म्हणून दृश्याबरोबर तीही लहानमोठी होते. मागच्या जागेवरची फुली भिंगांच्या नंतर असते, म्हणून दृश्य कितीही मोठं केलं तरी ती तेवढीच राहते.

युरोपातल्या शिकाऱ्यांनी पुढची जागा पसंत केली. ते तिन्हीसांजेला रानडुकरावर नेम धरत आणि त्यांच्या फुलीचे खांब जाड असत, त्यामुळे कमी पटीवरही ते दिसत. अमेरिकेत मागची जागा रुळली. तिथली ल्युपोल्ड कंपनी 1907 मध्ये पोर्टलंडला मोजणीची यंत्रं दुरुस्त करण्यापासून सुरू झाली. पुढे स्टीव्हन्स हा जलतज्ज्ञ भागीदार झाला आणि नदीच्या पाण्याची पातळी नोंदवणारी यंत्रं तिथे बनू लागली. बंदुकीच्या दुर्बिणीकडे ही कंपनी 1940 च्या दशकात वळली. आटपाडीच्या कालव्याला जी विद्या लागली, तिच्यातूनच हाही धंदा उभा राहिला.

आता निवडीचा हिशेब. फुलीवर मिलच्या खुणा असतात. एक मिल म्हणजे हजार मीटरवर एक मीटर. अर्धा मीटर उंचीची पाटी दोन मिलमध्ये बसली, तर ती 250 मीटरवर आहे. फुली पुढच्या जागेवर असेल तर 5 पटीवरही दोन मिल आणि 10 पटीवरही दोनच मिल. फुली मागच्या जागेवर असेल आणि खुणा 10 पटीला जुळवलेल्या असतील, तर 5 पटीवर तीच पाटी एकाच मिलमध्ये मावते. अंतर 500 मीटर निघतं, आणि त्यावर बांधलेला गोळीच्या घसरणीचा सगळा हिशेब फसतो. शिवाय मागच्या जागेच्या दुर्बिणीत मधल्या भिंगांना जरा ढिलाई असली की पट बदलताना नेम सरकतो. पुढच्या जागेला तो दोष लागत नाही.

पुढच्या जागेची किंमतही आहे. कमी पटीवर तिच्या रेघा इतक्या बारीक होतात की मंद उजेडात हरवतात. जास्त पटीवर दृश्याबरोबर त्याही जाड होतात, म्हणून पट वाढवूनही लहान लक्ष्य त्यांच्याआड राहू शकतं. ठरावीक अंतरावर, एकाच पटीवर, कागदाच्या बारीक ठिपक्यावर नेम धरायचा असेल, तर मागच्या जागेची एकसारखी बारीक फुली बरी, आणि ती स्वस्तही पडते.

आपल्याकडे ही निवड मोजक्यांपुढेच येते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माणदेशातल्या चिंकाऱ्यालाही संरक्षण दिलं, म्हणून शिकारीसाठी ही निवड उरली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं तेही दुर्बिणीविना, कारण त्या स्पर्धेत बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. राहतात सैनिक, पोलिसांतले नेमबाज आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजीचे परवानाधारक शौकीन.

त्यांच्यासाठी निकाल सरळ आहे. लक्ष्याचं अंतर बदलत राहणार असेल, पट फिरवावी लागणार असेल आणि फुलीने मोजायचं असेल, तर फर्स्ट फोकल प्लेन घ्यावी. अंतर आणि पट दोन्ही कायम असतील, तर सेकंड पुरेशी आहे. मात्र तिच्या खुणा कोणत्या पटीला खऱ्या आहेत ते माहितीपत्रकात वाचून घ्यावं, आणि मोजताना पट तिथेच ठेवावी.