फावल्या वेळाचा भाव

आज सुई-दोऱ्याबद्दल बोलायचंय. टाके कसे घालायचे ते नाही, ते तुम्हाला येतंच, कदाचित आमच्याहून चांगलं येतं. बोलायचंय ते सुईच्या इतिहासाबद्दल, आणि त्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या एका शब्दाबद्दल. शब्द आहे ‘फावला वेळ’.

आम्ही दिव्याच्या. दिवा म्हणजे मध्य रेल्वेचं जंक्शन. इथून एक फाटा वसईला जातो, एक पनवेलला आणि पुढे कोकणात. स्टेशनाभोवती दिवा, दातिवली, साबे, आगासन ही जुनी आगरी-कोळ्यांची गावं, आणि आता त्यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या चाळी आणि इमारती. त्यामुळे आमच्या गटात इथल्याच माहेरवाशिणी आहेत, तशा रत्नागिरीच्या आहेत, साताऱ्याच्या आहेत, बुलढाण्याच्याही आहेत. हातशिलाईच्या पांघरुणाला कोणी गोधडी म्हणतं, कोणी वाकळ, आणि टाका जवळ हवा की लांब यावर अर्धा तास वाद होतो. बचतीच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पिशव्यांतून लोकर आणि सुया बाहेर येतात. हा आमचा छंद.

मागच्या हिवाळ्यात आम्ही नऊ जणी वांद्र्याला ‘महालक्ष्मी सरस’ बघायला गेलो. राज्यभरातले महिला बचत गट तिथे आपला माल घेऊन येतात, परराज्यांतलेही येतात. बहुतेक लोक तिथे जेवायला आणि मसाले-लोणची घ्यायला जातात. आम्ही मात्र ठरवून गेलो ते विणकाम, भरतकाम आणि गोधड्या बघायला. दादरला गाडी बदलताना दोघी मागे राहिल्या, त्या पुढच्या गाडीने आल्या, पण तो दिव्याच्या बायकांना नेहमीचाच प्रकार.

आत गेल्यावर मात्र डोळे निवले. जुन्या लुगड्यांची गोधडी, तिच्यावर बाहेरून आत फिरत गेलेला धावटाका, इतका सरळ की जणू ओळी आखून घेतल्यात. बंजारा बायकांचं भरतकाम, त्यात आरसे आणि कवड्या. क्रोशाची तोरणं, पूजेच्या ताटावरचे रुमाल, बाळाचं टोपडं आणि मोजे. आमच्यातल्या काकू क्रोशात मुरलेल्या. त्या प्रत्येक तोरण उलटं करून बघत होत्या, कारण काम खरं कसं आहे ते मागच्या बाजूला कळतं. एका रुमालापाशी त्या थांबल्या आणि बोटांनी खांब मोजू लागल्या. मग विकणाऱ्या ताईंना विचारलं, “किती दिवस लागले हो?” ताई हसल्या. “दिवस कोण मोजतंय? फावल्या वेळात केलंय.”

पुढच्या स्टॉलवर तेच उत्तर. त्याच्या पुढेही तेच. परतीच्या गाडीत आम्ही त्यावर बोलत आलो, आणि नंतर पुस्तकांतून थोडं खोदून बघितलं. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

सुईचं काम हे बाईचं काम, असं आपण धरून चालतो. पण गावाला कपडे शिवून देणारा कोण होता? शिंपी. संत नामदेव शिंपी घराण्यातले, म्हणजे तेराव्या शतकातही तो पिढीजात व्यवसाय होता. शिंप्याच्या घरातल्या बायका काज, बटण, हातशिलाई करत, पण धंदा ओळखला जाई तो पुरुषाच्या नावाने. दोन सुयांवरच्या विणकामाची गोष्टही अशीच. इजिप्तमध्ये विणलेले शेकडो वर्षांपूर्वीचे सुती मोजे सापडले आहेत. पुढे ही कला युरोपात पोचली, आणि सोळाव्या शतकात तिथे विणकऱ्यांचे संघ होते. त्या संघांत कारागीर म्हणून भरणा पुरुषांचा होता. मुलगा काही वर्षं उमेदवारी करी, परीक्षेसाठी नमुने विणून दाखवी, तेव्हा त्याला उस्ताद म्हणून मान मिळे. १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र बनवलं. यंत्रं वाढत गेली तसं हातविणकाम मागे पडलं आणि घरात, बाईच्या मांडीवर येऊन बसलं. ज्या कामात पैसा आणि मान होता तेव्हा त्याला धंदा म्हणत. पैसा गेल्यावर त्याला छंद म्हणू लागले. आम्हाला तरी यात योगायोग दिसत नाही.

आपल्याकडे लोकर आणि क्रोशा रुजले ते मिशनरी बायकांच्या हातून. गोधडी आणि कशिदा आपले आधीपासूनचे, पण विणायच्या सुया आणि क्रोशाची आकडी शाळेबरोबर आली. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. अशा शाळांत अक्षरांच्या जोडीला शिवण असेच. मुलगी वाचायला शिकते म्हटलं की घरचे बिचकत. शिवण शिकते म्हटलं की तितके बिचकत नसत. कलकत्त्याची एक गोष्ट सांगतात. १८५० च्या दशकात हॅना म्युलेन्स नावाच्या बाई सपातांवर भरतकाम करत बसल्या होत्या. एका बंगाली गृहस्थांना ते फार आवडलं, आपल्या घरच्या बायकांना हे यावं असं वाटलं. बाई म्हणाल्या, मी शिकवते की. त्या घरात शिरल्या सुई घेऊन, आणि सुईमागून पुस्तक गेलं.

म्हणून आम्ही सुईला कमी लेखत नाही. कित्येक घरांचं दार तिनेच किलकिलं केलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, तिथे दुष्काळात निराधार झालेल्या बायका-मुली शिवण-विणकामापासून छपाईपर्यंतची कामं शिकल्या. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे शिवणाचे वर्ग होते, आणि तिथूनच विधवा बायका नर्सचं शिक्षण घेण्यापर्यंत गेल्या. या दोघींनी सुईकडे वेळ घालवायचं साधन म्हणून बघितलं नाही. ज्या बाईला माहेर-सासर दोन्ही तुटलं तिच्या हाताला चार पैसे मिळावेत, हा त्यांचा हिशोब होता.

पण त्या चार पैशांचे पाच व्हायला अडचण कुठे येते, ते दाखवणारी जागा म्हणजे आंध्रातलं नरसापूर. गोदावरीकाठच्या या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. त्याच सुमारास आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हाही जोगिणींनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि त्यावर घरंच्या घरं जगली. नरसापूरची लेस पुढे जहाजाने परदेशी जाऊ लागली, मोठा व्यापार झाला. मारिया मीज या जर्मन अभ्यासक बाई तिथे जाऊन राहिल्या आणि १९८२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांना काय दिसलं? बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-सात-आठ तास लेस करत होत्या. व्यापारी मात्र म्हणत, या गृहिणी आहेत, रिकाम्या बसण्यापेक्षा फावल्या वेळात करतात. ‘फावला वेळ’ म्हटलं की ती कामगार उरत नाही. कामगार नाही, तर मजुरी कसली? मग जे हातावर टेकवायचं ते उपकार म्हणून.

आठ तास फावला वेळ! आमच्यातल्या एकीने हे ऐकून नुसतं कपाळाला हात लावला.

हे दूरचं वाटतं का? आमच्या शेजारी उल्हासनगर आहे, जीन्स शिवण्यासाठी प्रसिद्ध. या पट्ट्यात कितीतरी बायका घरी बसून कपड्यांचे सुटे धागे कापतात, बटणं लावतात, साड्यांना फॉल लावतात. नगावर पैसे. विचारलं तर त्याही म्हणतील, पोरं शाळेत गेली की फावल्या वेळात करते.

अहमदाबादच्या बायकांनी या शब्दाला धक्का दिला. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी सेवा ही संघटना उभी केली, आणि तिची नोंद कामगार संघटना म्हणून केली. गिरण्यांतली चिंधी जोडून रजईचे खोळ शिवणाऱ्या बायका तिच्यात होत्या. त्यांनी किमान वेतन मागितलं तर व्यापाऱ्यांनी चिंधी देणंच बंद केलं. मग बायकांनी आपली ‘सबिना’ नावाची सहकारी संस्था काढून चिंधी स्वतः मिळवली. घरी बसून काम करणारीही कामगारच, हे जगाने कागदावर मानलं ते १९९६ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १७७ व्या करारात. त्यामागेही सेवाच्या बायकांची खटपट होती. भारताने त्या करारावर शिक्का मारलेला नाही.

आता तुम्ही विचाराल, मग लिज्जतचं कसं जमलं? १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथे मालक कोणी नाही, लाटणारी बहीणच भागीदार. हे मोठं आहेच. पण आम्हाला आणखी एक गोष्ट सुचते. पापड तोलता येतो. किती किलो लाटले ते काटा सांगतो आणि तेवढे लाटण्याचे पैसे ठरतात. विणकाम तराजूत घातलं तर लोकरीचं वजन येईल, टाक्यांचं कसं येणार? टाक्याला एकच माप आहे, ते म्हणजे तास. आणि नेमके तेच आपण मोजत नाही.

म्हणून आम्ही मोजायचं ठरवलं. आमच्याकडे एका दुकानाची बाळाच्या लोकरीच्या सेटची मागणी असते: स्वेटर, टोपडं, मोजे. सेटमागे दुकान ४०० रुपये देतं. लोकर जाते १८० ची. उरले २२०. आम्ही वहीत रोजचे तास लिहिले, स्वयंपाक चढवताना घातलेल्या ओळीसुद्धा. एका सेटला सरासरी २२ तास निघाले. म्हणजे तासाला १० रुपये. दिवा स्टेशनबाहेर चहासुद्धा तेवढ्याला मिळतो.

वही सगळ्यांना आवडलेली नाही, हेही सांगायला हवं. काकूंनी लिहायला साफ नकार दिला. म्हणाल्या, “घड्याळाकडे बघून विणलं तर माझी बोटं चालत नाहीत. दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो, त्याची पण मजुरी लावू नका.” त्यांचं म्हणणं आम्हाला खोडता आलेलं नाही. बैठकीत दोन वेळा चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की नातवंडांसाठी, रुखवतासाठी, हौसेसाठी जे विणायचं त्याची नोंद नाही. दुकानात जाणाऱ्या प्रत्येक नगाची नोंद, आणि आत एक कापडी पट्टी शिवायची, तिच्यावर करणारीचं नाव. पट्टीवर नाव भरायचं काम काकूंनी आपण होऊन घेतलं. साखळी टाक्यात भरतात, अक्षर फार सुरेख येतं.

दुकानदारांना सेटचा नवा दर ६५० रुपये कळवलाय. त्यातून लोकर वजा जाता तासाला साधारण २१ रुपये पडतील. ते म्हणाले, इतक्यात गिऱ्हाईक मशिनचे दोन घेईल, पण थंडी सुरू होईपर्यंत विचार करून सांगतो. तीन सेट नमुन्याला ठेवून घेतलेत.