ऐकायला शिकविणारे खेळ

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. दुसऱ्याचे म्हणणे लक्षपूर्वक ग्रहण करणे हा एक, आणि सांगितलेले निमूटपणे मानणे हा दुसरा. शाळेत, कारखान्यात, कवायतीच्या मैदानावर समूह घडविला जातो तो बहुधा या दुसऱ्या अर्थाने. पहिल्या अर्थानेही समूह घडविता येईल काय? या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील शिकागो शहरात, खेळांच्या रूपाने, शोधले गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटली, ग्रीस, पोलंड, रशिया अशा नाना देशांतून माणसे पोटासाठी या शहरात आली. एकाच वस्तीत अनेक भाषा नांदत आणि शेजाऱ्याचे बोलणे शेजाऱ्यास उमगत नसे. तेथे १८८९ साली जेन ॲडम्स व एलेन गेट्स स्टार यांनी ‘हल हाउस’ हे सेवाकेंद्र उघडले. पुढे नेवा बॉइड या विदुषीने तेथेच खेळांतून समाजकार्य कसे करावे, याचे शिक्षण दिले. देशोदेशींचे लोकखेळ व लोकनृत्ये हीच त्यांची पाठ्यपुस्तके होती. खेळाचा नियम हा वरून सुटलेला हुकूम नव्हे. ज्याला खेळायचे आहे, तो तो नियम आपण होऊन पत्करतो. जेथे भाषा तोकडी पडे, तेथे हा नियमच भाषेचे काम करी.

रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात १९०६ साली जन्मलेल्या व्हायोला स्पोलिन या बॉइड यांच्या शिष्या. महामंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी सरकारने १९३५ साली मोठी योजना सुरू केली. तिच्या शिकागो शाखेत १९३९ ते १९४१ या काळात स्पोलिन नाट्यविभाग पाहत. समोर कसलेले नट नव्हते. होती वस्तीतील मुले आणि सामान्य माणसे. व्याख्यानाने त्यांचा संकोच जाईना. म्हणून स्पोलिन यांनी प्रत्येक अडचणीवर एकेक खेळ रचण्यास प्रारंभ केला.

त्यांचा ‘आरसा’ हा खेळ पाहावा. दोघे समोरासमोर उभे राहतात. एकाने हात उचलला की दुसऱ्याने, प्रतिबिंबासारखा, त्याच क्षणी उचलावयाचा. थोड्या वेळाने भूमिका पालटतात. अखेरीस कोण पुढे आणि कोण मागे हेच उरत नाही. दुसऱ्या खेळात रस्सीखेच असते, पण रस्सी नसते. एकाने ओढले तरी समोरच्याने तो ताण आपल्या अंगी मानला नाही, तर रस्सी तत्काळ नाहीशी होते. तिसऱ्यात वर्तुळातील सारे एकाच्या हालचालीचे अनुकरण करतात, आणि मध्ये उभ्या असलेल्याने तिचा आरंभकर्ता हुडकावयाचा असतो. तिन्ही खेळांत स्वतःकडे पाहणारा फसतो. दुसऱ्याकडे पाहणारा तरतो. शाबासकी आणि दटावणी ही दोन्ही खेळाडूला परतंत्र करतात, असे स्पोलिन यांचे ठाम मत होते. म्हणून शिक्षकानेही न्यायाधीश न होता सहखेळाडू व्हावे, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी १९५५ साली ‘कंपास’ आणि १९५९ साली ‘सेकंड सिटी’ ही उत्स्फूर्त नाट्याची मंडळे सहकाऱ्यांसह उभी केली, ती याच खेळांच्या पायावर. १९६३ साली स्पोलिन यांचा दोनशेहून अधिक खेळांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि नाट्यशाळांपासून वर्गखोल्यांपर्यंत त्यांचा प्रसार झाला. १९९४ साली त्या निवर्तल्या.

या खेळांनी बेकारी हटली नाही, की वस्त्यावस्त्यांमधील वर्णभेदाच्या भिंती ढासळल्या नाहीत. आज मोठमोठ्या कचेऱ्यांतही असेच खेळ खेळविले जातात. तेथे साहेब आरशासमोरही साहेबच राहिला, तर हालचाल तेवढी उरते, खेळ उरत नाही. विश्वास ठेवा, असे सांगून विश्वास उपजत नाही. नसलेली रस्सी दोघांनी मिळून धरावी लागते, आणि एकाने हात सोडताच ती नाहीशी होते.